गल्लीतले सहा कॅमेरे : प्रकल्प नोंदी

रविवार, १२ जानेवारी २०२५

सकाळी दहाला पार्किंगमध्ये सभा. चार इमारती आणि तीन बंगले मिळून एकतीस जण. विषय एकच: गेल्या आठवड्यात रात्री दोनच्या सुमारास गल्लीत सहा गाड्यांच्या काचा फुटल्या. तीन मोटारी, तीन रिक्षा. पुण्याच्या सहकारनगर, धनकवडी, बिबवेवाडी या पट्ट्यात असं पूर्वीही झालंय, त्यामुळे घाबरायला कारण आहे. कॅमेरे बसवायचं एकमताने ठरलं. काम माझ्याकडे आलं, कारण टेलिफोन खात्यात तीस वर्षं मी केबलच ओढल्यात.

सभा उठल्यावर लक्षात आलं की तीनही रिक्षा ओढ्यापलीकडच्या वस्तीतल्या होत्या. त्यांना सभेचा निरोपच गेला नव्हता.

मी हो म्हणाले ते एका अटीवर. या कामाची नोंदवही राहील आणि ती कुणालाही वाचता येईल. अट का घातली तेही लिहिते. गेल्या दिवाळीच्या आधी मागच्या इमारतीतल्या वहिनी पहाटे तळजई टेकडीला निघाल्या होत्या, तेव्हा त्यांची सोनसाखळी ओढली. वेळ साडेपाच. आमच्या जुन्या डीव्हीआरमध्ये (कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणाऱ्या यंत्रात) ५:३२ ला एक मुलगा सायकलवरून जोरात जाताना दिसला. ती क्लिप मीच मोबाइलवर घेतली आणि गल्लीच्या ग्रुपवर टाकली. कुणीतरी खाली ‘हाच तो’ लिहून ती पुढे पाठवली. मुलगा वस्तीतला, पेपर टाकणारा. दुपारपर्यंत त्याला चौकीत बसवून ठेवलं होतं.

संध्याकाळी मी डीव्हीआरचं घड्याळ मोबाइलशी ताडून पाहिलं. सतरा मिनिटं पुढे. म्हणजे तो ५:१५ ला गेला होता, आणि साडेपाचला दहा जणांसमोर पेपरचे गठ्ठे मोजत होता. मी चौकीत जाऊन सांगितलं, त्याला सोडलं. तोवर त्याची पेपर टाकायची लाइन दुसऱ्या मुलाकडे गेली होती. मी त्याच्या आईला भेटले, माफी मागितली. ती म्हणाली, “ताई, तुम्ही आलात, बाकी कोण आलं?” हे वाक्य माझ्या डोक्यातून गेलेलं नाही.

रविवार, १९ जानेवारी

गल्ली दोनदा चालून पाहिली, पहाटे साडेपाचला आणि रात्री साडेदहाला. लांबी १८० मीटर. दिव्याचे खांब सात, त्यातले तीन बंद. सगळ्यात काळोख ओढ्यावरच्या छोट्या पुलापाशी, गुलमोहराखाली. वस्तीतल्या बायका कामावरून याच वाटेने परततात.

आणखी एक पाहिलं. रात्री अकरापर्यंत नाक्यावर चहाची टपरी असते आणि साडेनऊपर्यंत इस्त्रीवाले दादा. त्यांना गल्लीत नवा माणूस आला की कळतं. गाड्या फुटल्या त्या रात्री दोनला, म्हणजे ही दोन्ही माणसं घरी गेल्यावर.

बंद दिव्यांची तक्रार खांबांचे नंबर टाकून नोंदवली.

रविवार, २ फेब्रुवारी

तीन जणांकडून कोटेशन घेतलं. पहिला म्हणाला, “मॅडम, सोळा कॅमेरे, २.८ एमएम लेन्स, कोपरान् कोपरा दिसेल.” दिसेल, पण काय दिसेल? हा हिशेब कॅमेरा घेणाऱ्या प्रत्येकाने करून पाहावा म्हणून सविस्तर लिहिते.

आयईसी ६२६७६-४ हे या कामाचं आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्याच्या २०१४ च्या आवृत्तीत पिक्सेलचा हिशेब दृश्याच्या रुंदीवर आहे. कुणीतरी आहे एवढं कळायला मीटरमागे २५ पिक्सेल पुरतात. ओळखीचा माणूस ओळखायला १२५ लागतात. अनोळखी माणसाची ओळख शंका न उरता पटवायची तर २५०. आता ४ मेगापिक्सेलचा कॅमेरा घ्या. चित्राची रुंदी २५६० पिक्सेल. २.८ एमएमची लेन्स सुमारे १०० अंश पाहते, म्हणजे दहा मीटरवर साधारण २४ मीटर रुंद दृश्य. २५६० भागिले २४, मीटरमागे १०७ पिक्सेल. दहा मीटरवर आपलाच शेजारी नीट ओळखू येणार नाही. तोच कॅमेरा ६ एमएम लेन्सचा घेतला तर दहा मीटरवर साडेनऊ मीटर रुंदी दिसते आणि मीटरमागे २७० पिक्सेल मिळतात.

दुचाकीची मागची नंबर प्लेट २०० मिलिमीटर रुंद असते. पहिल्या कॅमेऱ्यात तिला २१ पिक्सेल मिळतील, दुसऱ्यात ५४. एकवीस पिक्सेलमध्ये दहा अक्षरं मावत नाहीत. शिवाय रात्री शटर मंद होतं, गाडी पळत असते, हेडलाइटचा झोत लेन्सवर येतो. म्हणून नंबर हवा असेल तर जिथे गाडीला वेग कमी करावाच लागतो अशी जागा शोधायची. आमच्याकडे ती नाक्यावरच्या गतिरोधकापाशी आहे.

पुण्याला हे नव्याने सांगायला नको. जर्मन बेकरी (१३ फेब्रुवारी २०१०) आणि जंगली महाराज रस्ता (१ ऑगस्ट २०१२) इथल्या स्फोटांनंतर शहरभर कॅमेऱ्यांची मागणी झाली. २० ऑगस्ट २०१३ च्या सकाळी महर्षी विठ्ठल रामजी शिंदे पुलावर डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या झाली, तेव्हा परिसरातलं फुटेज होतं, पण इतकं अंधूक की चेहरे ओळखू येईनात. त्या दिवसांत मी त्याच पुलावरून कामाला जात होते.

ठरलं: सोळाऐवजी सहा. गल्लीच्या दोन्ही तोंडांना ६ एमएमचे दोन-दोन, एक येणाऱ्यांचा चेहरा पाहील असा आणि एक जाणाऱ्यांच्या प्लेटवर. मधे ४ एमएमचा एक. सहावा कुठे, ते अजून ठरत नाही. कमिटीतल्या काहींना तो वस्तीच्या तोंडावर हवाय.

शनिवार, ८ फेब्रुवारी

तीनपैकी दोन दिवे लागले. पुलापाशचा अजून बंद.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

परवा पहाटे स्वारगेट स्थानकात, उभ्या असलेल्या शिवशाही बसमध्ये एका तरुणीवर बलात्कार झाला. इथून रिक्षाने दहा मिनिटं. स्थानकात कॅमेरे होते. पोलीस ठाणं हाकेच्या अंतरावर. फुटेजवरून संशयिताची ओळख पटली, शोध चालू आहे. गल्लीतल्या सगळ्या बायका दोन दिवस याशिवाय दुसरं बोलत नाहीयेत.

ग्रुपवर एकाने लिहिलं, ‘म्हणूनच म्हणतो, कॅमेरे लवकर लावा.’ मी तिथे उत्तर दिलं नाही, इथे लिहिते. कॅमेऱ्याने नंतर ओळख पटवली, आणि ते मोलाचंच आहे. त्या मुलीला त्या क्षणी माणूस हवा होता. फलाटावर फिरणारा, बसची दारं बंद आहेत का पाहणारा.

२०१९ मध्ये चाळीस वर्षांतल्या अभ्यासांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला होता. कॅमेरे लावलेल्या भागांत गुन्हे सरासरी १३ टक्क्यांनी कमी झालेले दिसले. सर्वात जास्त फरक वाहनतळांवर पडला. हिंसक गुन्ह्यांत लक्षात येण्याजोगी घट आढळली नाही. पडद्यासमोर कुणी बसून पाहत असेल आणि जोडीला दिवाबत्तीसारखे इतर उपाय असतील, तिथे परिणाम अधिक. आमचा प्रश्न गाड्या फोडण्याचा आहे, म्हणून कॅमेऱ्यांचा उपयोग होईल असं मला प्रामाणिकपणे वाटतं. पुलापाशच्या काळोखाचा प्रश्न त्यांनी सुटणार नाही.

दिव्याची तक्रार पुन्हा नोंदवली. या वेळी खाली चाळीस बायकांच्या सह्या, निम्म्या वस्तीतल्या.

रविवार, ९ मार्च

वस्तीत बैठक. मी, तिसऱ्या मजल्यावरचे काका आणि सेक्रेटरी गेलो. समाजमंदिरात पंचवीसेक बायका, आठ-दहा पुरुष, रिक्षावाले तिघेही. पेपर टाकणारा मुलगा दाराशी उभा राहिला, आत आला नाही.

मी लॅपटॉपवर दाखवलं की सहावा कॅमेरा पुलावर बसवला तर काय दिसतं. पूल दिसतो, पलीकडे वस्तीची पहिली सहा दारं, आणि दारांसमोरची न्हाणी. कपडे वाळत घालायची दोरीसुद्धा. क्षणभर कुणी बोललं नाही. मग टोपल्या विणणाऱ्या आजी म्हणाल्या, “पोरी तिथं केस धुत्यात, बाई.” आमचे काका तोवर ‘रस्त्यावर कसली आलीय प्रायव्हसी’ असं म्हणणाऱ्यांतले होते. तेच लॅपटॉप बंद करा म्हणाले.

(२४ ऑगस्ट २०१७ च्या पुट्टस्वामी निकालात सुप्रीम कोर्टाने हेच म्हटलंय: माणूस सार्वजनिक जागेत आला एवढ्याने त्याचा खासगीपणा संपत नाही. काकांना ते आजींच्या एका वाक्याने पटलं.)

रिक्षावाल्यांना मात्र कॅमेरा हवाच होता. त्यांतला एक म्हणाला, काच फुटली तर तीन दिवस गाडी उभी, तुमची मोटार उभी राहिली तर तुम्ही ओलाने जाता. खरं आहे.

बोलता बोलता २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्रीवर विषय गेला. आंबिल ओढ्याला पूर आला ती रात्र. वस्तीतली माणसं आमच्या जिन्यांवर बसली होती, आणि वस्तीतल्या पोरांनी आमच्या तळमजल्यावरच्या आजोबांना खांद्यावर बाहेर काढलं होतं. सहा वर्षंही झाली नाहीत.

ठरलं ते असं. सहावा कॅमेरा पुलावर, तोंड गल्लीकडे. नाक्यापासून मोजला तर पाचवा ओढ्याकडच्या तोंडाचा, त्याच्या चित्रात वस्तीची दारं कोपऱ्यात येतात, तिथे प्रायव्हसी मास्क. मास्क म्हणजे चित्राचा तेवढा भाग कॅमेऱ्यातच काळा करतात, तो रेकॉर्डच होत नाही. मास्क कुठवर, ते वस्तीतल्या बायकांनी पडद्यावर बोट ठेवून दाखवलं. फुटेज पाहण्याच्या समितीत चौघं: दोन गल्लीतले, दोन वस्तीतले.

रविवार, २३ मार्च

नियम लिहून सभेत मंजूर केले. फुटेज ३० दिवस राहील, पुढे आपोआप पुसलं जाईल. नव्वद दिवस ठेवा अशी सूचना होती. सहा कॅमेरे, प्रत्येकी ४ एमबीपीएस (सेकंदाला ४ मेगाबिट), म्हणजे एका कॅमेऱ्याचे दिवसाला ४३.२ जीबी. सहांचे २५९. तीस दिवसांचे ७.८ टीबी. ८ टीबीची डिस्क जेमतेम पुरते. पैशांचा प्रश्न आहेच, पण मी सभेत दुसरं कारणही सांगितलं: जितकं जुनं साठवू तितकं उकरायचा मोह.

फुटेज पाहायचं तर समितीतले दोघं हजर हवेत, एक इकडचा, एक तिकडचा. रजिस्टरमध्ये तारीख, कारण, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत पाहिलं. मोबाइलवर ॲप कुणालाच नाही, मलाही नाही. क्लिप ग्रुपवर टाकायची नाही, पोलिसांना द्यायची. या नियमावर आवाज चढले. मी पेपरवाल्या मुलाची गोष्ट सगळ्यांसमोर सांगितली, क्लिप मी टाकली होती हेही.

पोलिसांना देताना काय लागतं ते वकिलांकडून समजून घेतलं. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ लागू आहे, जुन्या पुरावा कायद्यातल्या ६५-बी च्या जागी. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यायचं, त्याचे दोन भाग: ‘अ’ यंत्र सांभाळणाऱ्याचा, ‘ब’ तज्ज्ञाचा. त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू (फाइलवरून काढलेला आकड्या-अक्षरांचा ठसा) लिहायची, म्हणजे नंतर एक बिट जरी बदलला तरी कळतं. वकिलांनी जालन्याच्या निवडणुकीचा खटला सांगितला. २०१४ चे उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या आत आले की नंतर, हा वाद, आणि पुरावा निवडणूक अधिकाऱ्यांच्या कार्यालयातलं व्हिडिओ चित्रीकरण. त्या खटल्यात १४ जुलै २०२० ला सुप्रीम कोर्टाने प्रमाणपत्र अनिवार्य ठरवलं. ऐकताना मला सतरा मिनिटंच आठवत होती.

शनिवार, १९ एप्रिल

खरेदी. ९ एप्रिलपासून केंद्राचा नवा नियम लागू झालाय, कॅमेऱ्याची सुरक्षा चाचणी होऊन प्रमाणित झालेलाच माल विकायचा. दुकानदार जुना स्टॉक स्वस्तात द्यायला तयार होता. घेतला नाही. २०१६ मध्ये मिराय नावाच्या प्रोग्रॅमने जगभरचे लाखो कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले, कारण कंपनीने दिलेले पासवर्ड कुणी बदललेच नव्हते. आमचा जुना डीव्हीआरसुद्धा ‘ॲडमिन, १२३४५’ वरच चालू होता. आठ वर्षं!

शनिवार, ३ मे

बसवणी, काल आणि आज. बसवणारा मुलगा हाताचा हुशार, पण केबल रस्त्यावरच्या विजेच्या खांबाला टायने बांधायला निघाला. थांबवलं. खांब आपला नाही, आणि पावसात तो जिवावर बेततो. सगळे कॅमेरे इमारतींच्या भिंतीवर आणि कंपाउंडवर, पुलापाशचा आमच्या बाजूच्या कठड्यालगत सोसायटीच्या हद्दीत. उंची साडेतीन मीटर. यापेक्षा वर गेलं की टोप्या आणि हेल्मेटंच दिसतात. केबल कॅट-६, कुठेही ९० मीटरपेक्षा लांब नाही. लाईट गेली तर दोन तास चालेल एवढा यूपीएस.

घड्याळ: एनव्हीआर (नवं रेकॉर्डिंगचं यंत्र) नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या टाइम सर्व्हरला जोडला. बाहेरून आत यायची वाट बंद, आतून फक्त वेळ विचारायला बाहेर. दर रविवारी मी स्वतः ताडून पाहणार.

वस्तीतल्या चौघी मास्क पाहायला आल्या. एकीने दारात जाऊन उभं राहून हात हलवला, इकडे पडद्यावर काळा चौकोन. पुन्हा हलवला. खात्री पटल्यावर चहा झाला.

पुलापाशचा दिवा आज लागला. बैठकीपेक्षा मला याचा आनंद जास्त झाला.

मंगळवार, २७ मे

काल मान्सून पुण्यात दाखल झाला, मे महिन्यातच. कॅमेरा दोन आणि चार रात्री नुसतं धुकं दाखवतात. कारण पाऊस वाटलं होतं. निघालं कोळ्याचं जाळं. रात्री कॅमेऱ्याचा इन्फ्रारेड दिवा लागतो, किडे जमतात, किड्यांमागे कोळी. जाळ्यावरून प्रकाश लेन्समध्ये परततो. लांब काठीला मऊ कापड बांधून पुसलं. दर पंधरा दिवसांनी, वॉचमनदादांकडे.

रविवार, १५ जून

आज एक गृहस्थ आले. शुक्रवारी रात्री आठ ते अकराचं फुटेज दाखवा म्हणाले. कारण विचारलं तर म्हणाले, मुलगी कुणाच्या गाडीवरून उतरली ते पाहायचंय. मी नाही म्हटलं. ते म्हणाले, माझीच मुलगी आहे, माझीच वर्गणी आहे. मी म्हटलं, वर्गणी गाड्यांच्या काचांसाठी घेतली होती.

ते चिडले, मग रडवेले झाले. पाणी दिलं, बसवलं. तासभर बोलत होते. मुलगी तेवीस वर्षांची, नोकरी करते. स्वारगेटच्या प्रकारापासून रात्री ती घरी येईपर्यंत त्यांना झोप लागत नाही. ती भीती खोटी नव्हती. मी एवढंच म्हटलं की तुम्ही चोरून पाहिलंत हे तिला कळलं, तर खरोखर अडचण येईल त्या रात्री ती तुम्हाला फोन करणार नाही.

रजिस्टरमध्ये नोंद: विनंती नाकारली. नाव लिहिलं नाही.

गुरुवार, १० जुलै

सकाळी नाक्यावर भाजीवाल्या मावशींना दुचाकीने उडवलं, चालक पळाला. हात मोडलाय. दोघांनी मिळून फुटेज पाहिलं: कॅमेरा एक, ७:४२:१०. गतिरोधकापाशी वेग कमी, नंबर स्वच्छ. क्लिप पेन ड्राइव्हवर, एसएचए-२५६ हॅश कागदावर, प्रमाणपत्राच्या भाग ‘अ’ वर माझी सही, ठाण्यात दिलं. संध्याकाळी दुचाकीवाला सापडला.

रविवार, ३१ ऑगस्ट

मंडळाच्या मांडवाने कॅमेरा दोन पूर्ण झाकला. कार्यकर्त्यांनी स्वतःहून सांगितलं, विसर्जनापर्यंत त्यांची दोन मुलं रात्रभर मांडवात जागी असतात. त्यांची पाळीची यादी घेतली. कॅमेरा हलवला नाही.

रविवार, २१ सप्टेंबर

सकाळी पेपरवाल्या मुलाची आई आली. पोराची सायकल चोरीला गेली, शुक्रवारी पहाटे. त्याला जूनपासून नवी लाइन मिळाली होती, सायकलशिवाय ती जाणार. नियमाप्रमाणे दोघं बसलो, वस्तीतल्या समितीवाल्या वहिनी आणि मी. सायकल दाराच्या कडेला भिंतीला टेकवलेली असते. ती जागा काळ्या चौकोनात आहे. ४:०६ ला चौकोनाच्या वरच्या कडेतून एक पाठमोरा माणूस सायकल ढकलत बाहेर येतो आणि ओढ्याच्या वाटेने चित्राबाहेर जातो. चेहरा कुठेच नाही. क्लिप हॅशसकट ठाण्यात दिली, पण आशा थोडी आहे.

मला अपराधी वाटलं. ती म्हणाली, “मास्क आम्हीच मागितला व्हता.” मग वहिनींनी चौघींना बोलावून घेतलं. पाऊण तास पडद्यासमोर बसून त्यांनी रेघ पुन्हा आखली. दारं आणि न्हाणी काळीच. भिंतीलगतची सायकली लावायची जागा आणि ओढ्याच्या वाटेचं तोंड उघडं. दोरीवरून वाद झाला. दोरीच हलवायची ठरली, दोन हात मागे. मुलगा आत येऊन बसला होता. तो म्हणाला, वाटेकडे तोंड करून एक दिवा हवा, चित्रात तिथे काहीच दिसत नाहीये. बरोबर आहे. त्या खांबाचा नंबर त्यानेच बाहेर जाऊन लिहून आणला.

तक्रार नोंदवली. ग्रुपवर जुन्या सायकलीसाठी विचारलं, दोन जणांनी हो म्हटलंय, संध्याकाळी पाहायला जाणार.

मास्क, कॅमेरा पाच: बदलला, पाच सह्या. घड्याळ: बरोबर.